सर्व्हर ऑफिसात की क्लाउडवर? गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिशेब, साठा, खरेदी-विक्री, पगार हे सगळे एकत्र सांभाळणारे ईआरपी सॉफ्टवेअर छोट्या कंपनीने घ्यायचे ठरवले, की ते चालवायचे कुठे हा प्रश्न येतो. वाटा तीन: ऑफिसात स्वतःचा सर्व्हर ठेवणे, डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर सॉफ्टवेअर बसवणे, किंवा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीलाच वर्गणी भरून ते ब्राउझरमधून वापरणे. बेल्जियमच्या ओडूसारखे सॉफ्टवेअर तिन्ही प्रकारे वापरता येते, त्यामुळे सॉफ्टवेअर निवडले म्हणजे जागाही ठरली असे नसते.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा समज असा, की डोळ्यांसमोरचा सर्व्हर सर्वांत सुरक्षित. अनेक कारखान्यांच्या ऑफिसात दिसणारे चित्र असे असते: अकाउंटंटच्या टेबलाखाली सीपीयू, शेजारी यूपीएस, आणि मागच्या यूएसबीत कायम खोचून ठेवलेली हार्ड डिस्क, जिच्यावर रोज संध्याकाळी बॅकअप घेतला जातो. शिस्त चांगली आहे, पण अपुरी. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर त्या संगणकात शिरला, तर जोडलेली हार्ड डिस्कही त्याच्या तडाख्यात सापडते. आग लागली, पाणी शिरले किंवा चोरी झाली तरी मूळ डेटा आणि बॅकअप एकदमच जातात. डेटाच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक ऑफिसाबाहेर, हा जुना नियम म्हणूनच आजही लागू आहे. शिवाय तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोर करून पाहिलेला नसेल, तर त्याच्यावर विसंबता येत नाही.

याच्या उलटा समज म्हणजे क्लाउडवर गेले की बॅकअपची काळजी मिटली. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत आगीत जळाली. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांतल्या काहींचा डेटा कायमचा गेला. क्लाउड म्हणजेही कुणाच्या तरी इमारतीतली यंत्रेच असतात. सर्व्हर भाड्याने घेतला असेल, तर यंत्र चालू ठेवणे हे देणाऱ्याचे काम आणि त्यावरचा डेटा ही सहसा घेणाऱ्याची जबाबदारी, हे करारात नीट वाचावे. 99.9 टक्के सेवेची हमी ऐकायला भक्कम वाटते, पण तिच्यातही वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा असते.

इंटरनेट गेले की क्लाउडवरचे काम थांबते, ऑफिसातल्या सर्व्हरवर थांबत नाही, हे अर्धेच खरे आहे. ऑफिसातल्या सर्व्हरवर नोंदी करता येतात, पण पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायांना 1 ऑगस्ट 2023 पासून व्यावसायिक ग्राहकांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. ते आणि मालवाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल दोन्ही इंटरनेटवरच्या सरकारमान्य पोर्टलवरून निघतात. सर्व्हर ऑफिसात असला तरी इंटरनेटची लाइन नसेल तर मालाची गाडी गेटवर अडते. दुसऱ्या कंपनीची पर्यायी लाइन दोन्ही बाबतींत लागतेच.

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर ‘क्लाउडवरची टॅली’ म्हणून विकले जाते, त्याबद्दलही घोटाळा होतो. बहुतेक वेळा ती दूरच्या विंडोज संगणकावर बसवलेली नेहमीचीच टॅली असते आणि तिचा पडदा आपल्याकडे दिसतो. व्यवस्था कामाची आहे. मात्र त्या संगणकाचा पासवर्ड कच्चा असेल, तर दार सगळ्या जगाला उघडे राहते.

मोफत सॉफ्टवेअर म्हणजे मोफत व्यवस्था, हा समज एका वाक्यात निकालात निघतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट परवाना-शुल्काशिवाय मिळते, पण सर्व्हर, अपडेट आणि ते सांभाळणारा माणूस यांचा खर्च चुकत नाही.

हिशेब क्लाउडवर ठेवायला कायद्याची परवानगी नाही, असेही पुष्कळांना वाटते. कंपनी (लेखा) नियम, 2014 मध्ये क्लाउडचा स्पष्ट उल्लेख आहे: सेवा देणाऱ्याचे नाव आणि ठिकाण दरवर्षी कंपनी रजिस्ट्रारला कळवायचे असते. ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर, आणि तोही रोज, ठेवणे बंधनकारक आहे. 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणारे, ती नोंद बंद न करता येणारे सॉफ्टवेअर वापरावे लागते. हे नियम प्रायव्हेट लिमिटेडलाही लागू आहेत, मग ती कितीही लहान असो. प्रोप्रायटरी किंवा भागीदारी पेढीला ते लागू नाहीत.

कंपनीला हिशेब आठ वर्षे जपावे लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, आणि त्या पेढीलाही चुकत नाहीत. वर्गणी मात्र तीन वर्षांनी बंद होऊ शकते, तेव्हा जुना डेटा आपल्या हाती असायला हवा.

एकाच जागी, चार-पाच जणांत काम चालत असेल, तर ऑफिसातला सर्व्हर आणि बाहेरचा रोजचा बॅकअप पुरेसा आहे. शाखा अनेक आणि संगणक पाहणारा माणूस नाही, तर वर्गणीची वाट बरी. भाड्याचा सर्व्हर तो सांभाळणारे कुणी हाताशी असेल तरच घ्यावा. वाट कोणतीही निवडली तरी पैसे भरण्याआधी चाचणी खात्यातला सगळा डेटा बाहेर काढून द्यायला सांगावा आणि तो आपल्या सीएच्या संगणकावर उघडून पाहावा.