बैलाचे दात सौद्यापुरतेच?

बैल विकत घेताना आपण त्याचा जबडा उघडून बघतो. आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळलेला, यावर किंमत ठरते. एकदा तो दावणीला बांधला की मात्र त्याच्या तोंडात कुणी डोकावत नाही. कुत्र्या-मांजराचं तर विचारूच नका. तिरोडा तालुक्यातलं बोदलकसा हे तलावाकाठचं, नागझिऱ्याच्या जंगलाजवळचं गाव. अशा गावात गोठ्यात गुरं, अंगणात शेळ्या आणि दारात राखणीचं कुत्रं असायचंच, आणि त्यांच्या दातांबद्दलच्या ठाम समजुतीही.

पहिल्यांदाच गाय घेतलेला माणूस हमखास घाबरतो, कारण तिला वरचे पुढचे दात नसतात. ते पडलेले नसतात, कधी येतच नाहीत. गाय, म्हैस, शेळी या सगळ्यांच्या वरच्या जबड्यात पुढे दातांऐवजी घट्ट हिरडी असते. खालचे ८ दात तिच्यावर दाबून गवत तोडलं जातं. बाकीचे २४ दात म्हणजे दाढा, आणि दुखणं बहुधा तिथेच असतं.

‘म्हातारा झाला म्हणून वाळला,’ असं बैलाबद्दल सहज म्हटलं जातं. धानपट्ट्यातला बैल वर्षानुवर्षं तणस चावतो. धानाच्या तणसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे दाढा झिजतात. त्या वेड्यावाकड्या झिजल्या की कडा धारदार होतात आणि गाल, जीभ कापतात. चघळलेले गोळे तोंडातून खाली पडत असतील, शेणात लांब काड्या तशाच दिसत असतील, तर दाढा तपासून घ्याव्यात. पशुवैद्यक त्या कडा कानशीने घासून देतात. तोवर बारीक कुट्टी आणि भिजवलेलं खाद्य द्यावं. यात वयाचा दोष थोडाच.

आता कुत्रं. हाडं चघळली की दात आपोआप साफ होतात, हा सगळ्यात लाडका समज. शिजवलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे पडतात, ते घशात किंवा आतड्यात रुततात. टणक हाडाने मोठी दाढही फुटते. शिवाय कीटण हिरडीच्या कडेखाली साचतं, तिथे हाड पोचतच नाही. तोंडाचा घाण वास ‘कुत्र्याचाच’ म्हणून सोडून देऊ नये; तो बहुतेकदा हिरडीच्या आजाराचा असतो. कुत्र्यांत दात किडण्यापेक्षा हिरड्यांचा आजार कितीतरी जास्त आढळतो. ‘जेवतंय ना, मग दुखत नसेल’ हेही खरं नाही. दाढ दुखत असली तरी कुत्रं जेवतं, फक्त एकाच बाजूने चावतं.

घासायला मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेलं फडकं पुरतं. आपली टूथपेस्ट वापरू नये. कुत्रं ती थुंकत नाही, गिळतं, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल त्याला विषारी असतं.

काही कुत्र्यांच्या दातांवर तपकिरी खड्डे दिसतात. प्रत्येक वेळी त्याचा दोष पाण्यावर जातो. पिल्लूपणी डिस्टेंपर होऊन वाचलेल्या कुत्र्याच्या पक्क्या दातांचं कवच असंच अर्धवट राहतं. म्हणजे तो लस चुकल्याचा पुरावाही असू शकतो. जंगलाशेजारी ही लस कुत्र्यापुरती उरत नाही: २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता.

सगळ्यात घातक समज शेवटी. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही. ‘हाड अडकलं असेल’ म्हणून घरातलं कुणीतरी तोंडात हात घालतं. हे रेबीजचं लक्षण असू शकतं. गाय-बैलालाही रेबीज होतो, आणि तिथेही ‘घशात काहीतरी अडकलंय’ हाच अंदाज आधी बांधला जातो. लाळ्या खुरकूतमध्येही लाळ गळते, पण त्यात खुरांच्या बेचक्यात जखमा दिसतात आणि बहुधा गोठ्यातली इतर जनावरंही आजारी पडतात. फरक आपण ठरवायचा नाही. जनावर वेगळं बांधून १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागावी. हात आधीच घातला गेला असेल, तर तो साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून लशीचं विचारावं. जनावर मरतंय की जगतंय, याची वाट बघत बसू नये.