सर्व्हर रूममधली आग विझवणारा गॅस : ७ टक्के की ९ टक्के?

तुम्ही जळगावात बसून फोनवरून पैसे पाठवता तेव्हा ते काम कुठल्या तरी सर्व्हर रूममधून होतं. तिथे आग लागली तर पाणी मारून चालत नाही, मशीनच खराब होतील. म्हणून छताच्या नोझलमधून 'क्लीन एजंट' गॅस सोडतात. एफएम-२०० हा त्यातला नेहमीचा. तो मुख्यतः ज्वाळेतली उष्णता शोषून घेतो आणि मागे डाग ठेवत नाही.

पण खोलीत गॅस किती टक्के हवा? अमेरिकेच्या एनएफपीए २००१ या मानकाचा हिशोब असा : कागद, प्लास्टिकची आग विझायला साधारण ५.२ टक्के. वीज चालू असलेल्या उपकरणांसाठी त्याच्या १.३५ पट, म्हणजे ७ टक्के. मग थोडा जास्तच भरला तर? तिथेच गडबड आहे. चाचण्यांत ९ टक्क्यांपर्यंत हृदयावर दुष्परिणाम दिसला नाही, १०.५ टक्क्यांना तो दिसला. आत एखादा माणूस असू शकतो, हे विसरायचं नाही.

आता आपल्या खानदेशचा मुद्दा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, धुळ्यात थंडीत १० च्याही खाली येतो. लाईट गेली, एसी बंद पडला की खोलीही त्याच मार्गाने जाते. थंडीत गॅस आकसतो, उन्हात फुगतो.

मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा :

किलो = (घनमीटर ÷ स) × टक्के ÷ (१०० − टक्के)
स = ०.१२६९ + (०.०००५१३ × तापमान)

खोली ६० घनमीटरची, ७ टक्के हवेत :

• १० अंश धरले तर ३४.२ किलो लागतात.
• ३० अंश धरले तर ३१.७ किलोच येतात. पण थंडीच्या रात्री त्यातून ६.५ टक्केच मिळतील.
• ३४.२ किलो ४५ अंशांना सोडले तर ७.९ टक्के. म्हणजे ९ च्या आत, ठीक.

म्हणून नियम सोपा : वजन सगळ्यात थंड दिवसावर काढा, माणसाची सुरक्षितता सगळ्यात गरम दिवसावर तपासा.

आणखी एक. पुढे कुणी पार्टिशन टाकून खोली ५० घनमीटरची केली आणि सिलिंडर तोच ठेवला, तर ४५ अंशांना ९.३ टक्के होतात. हद्द ओलांडली! उलट केबलची भोकं उघडी राहिली तर गॅस बाहेर निघून जातो. तो साधारण १० मिनिटं आत टिकायला हवा, नाहीतर आग परत पेटू शकते.

तुमच्या ऑफिसात किंवा कॉलेजात अशी खोली असेल तर एवढंच विचारा : हिशोब कोणत्या तापमानावर केलाय, आणि त्यानंतर खोलीत काही बदल झालाय का? आणि गॅस सुटण्याआधीचा भोंगा वाजला की फोटो काढत थांबू नका, आधी बाहेर पडा.