बागेतून टिपलेला तेजोमेघ

जूनमध्ये आजी म्हणते, "मृग लागला," आणि सगळे पावसाची वाट बघू लागतात. त्या दिवसांत सूर्यच मृग नक्षत्रात मुक्कामाला असतो, त्यामुळे ते नक्षत्र आपल्याला रात्री दिसत नाही. त्याला भेटायचं तर थंडीतच. जानेवारीत रात्रीची जेवणं उरकली की स्वेटर घालून गच्चीवर जा. हरणाच्या चार पायांचे चार ठळक तारे आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, एवढं तर लगेच सापडेल. आता बाणापासून किंचित दक्षिणेकडे बघा. तिथे बारीक ताऱ्यांची एक छोटीशी रांग आहे. तिच्यातला मधला तारा जरा पुसटसा, कडा फिसकटल्यासारखा वाटतो ना? डोळे चोळू नका, तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तो नुसता तारा नाहीच मुळी. तो आहे मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा अवाढव्य ढग. त्याच्या पोटात नवे तारे जन्माला येत आहेत.

हा ढग आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर आहे. आज तुमच्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तिकडून निघाला, तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं!

आणि आता खरी गंमत ऐका. डोळ्यांना दिसणारा हा करडा पुसट ठिपका फोटोत मात्र पंख पसरलेल्या लालगुलाबी पाखरासारखा दिसतो. आकाशात तो दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी जागा व्यापतो. असे फोटो फक्त अवकाशातल्या दुर्बिणीच काढतात असं वाटतं ना? मुळीच नाही. आपापल्या घरामागच्या बागेत, अंगणात, गच्चीवर दुर्बीण मांडून हौशी माणसं असे फोटो काढतात.

मग आपल्या डोळ्यांना हे रंग का दिसत नाहीत? कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. क्षणभराचं चित्र बघितलं की ते पुसून लगेच पुढचं बघायला घेतो. शिवाय अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना रंग कळतच नाहीत. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याचं झाकण मिनिटभर उघडं ठेवा, नाहीतर तासभर, आलेला प्रत्येक प्रकाशकण तो जमा करत राहतो. तेजोमेघाचा लाल रंग असाच हळूहळू जमतो. ढगाच्या मध्यभागी असलेले तरुण, अतितप्त तारे आजूबाजूच्या हायड्रोजनला चेतवतात आणि तो हायड्रोजन लाल प्रकाश देऊ लागतो.

या तेजोमेघाचा पहिला फोटो १८८० मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी काढला. पण मला जास्त आवडते ती अँड्र्यू एन्सली कॉमन यांची गोष्ट. हे लंडनजवळच्या ईलिंगला राहायचे. व्यवसायानं सांडपाण्याची व्यवस्था करणारे अभियंता, आणि वेड आकाशाचं. घराच्या बागेत त्यांनी ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली. म्हणजे आरसाच जवळजवळ ९१ सेंटिमीटर रुंद! ते धूड हलक्या हातानं फिरावं म्हणून त्यांनी दुर्बिणीचा मुख्य आस चक्क पाऱ्यात तरंगता ठेवला. जानेवारी १८८३ मध्ये त्यांनी काचेच्या एका पट्टीवर ३७ मिनिटं मृगातल्या तेजोमेघाचा प्रकाश पडू दिला. पट्टी धुतल्यावर तिच्यावर असे तारे उमटले, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते. माणसाच्या डोळ्यापेक्षा फोटोला जास्त दिसतं, हे एका बागेत सिद्ध झालं! पुढच्याच वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

३७ मिनिटं दुर्बीण एका जागी धरून ठेवली असती तर काय झालं असतं? सगळे तारे रेघा होऊन बसले असते. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. म्हणून दुर्बिणीलाही त्याच चालीनं फिरवावं लागतं. कॉमन यांच्या काळात ते काम चावीचं यंत्र करायचं, आता मोटर करते. त्यासाठी दुर्बिणीचा फिरण्याचा आस ध्रुवताऱ्याच्या दिशेनं रोखतात. ईलिंगमधून ध्रुव क्षितिजाच्या साडेएक्कावन्न अंश वर दिसतो, पुण्यातून जेमतेम साडेअठरा. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा, दोन मुठींच्या आतच ध्रुव सापडेल. समोर उंच इमारत असली की संपलंच, म्हणून आपल्याकडे उत्तरेची बाजू मोकळी असलेली जागा आधी शोधावी लागते.

आजकाल एकच लांबलचक फोटो काढत नाहीत. दोन-तीन मिनिटांचे पुष्कळ फोटो काढतात आणि संगणकावर एकमेकांवर तंतोतंत बसवतात. फोटोतली खरखर, म्हणजे नको असलेले बारीक दाणे, दर वेळी वेगळी असते, म्हणून ती विरत जाते. तेजोमेघ मात्र दर वेळी तिथेच असतो, म्हणून तो उठून दिसतो. फोटो चौपट केले की खरखर निम्म्यावर येते. मधेच एखादा उपग्रह रेघ ओढून गेला तर तेवढा फोटो बाजूला काढायचा.

त्याशिवाय दोन मजेशीर कामं असतात. एक म्हणजे दुर्बिणीला झाकण लावून पूर्ण काळोखाचे फोटो काढायचे. त्यात कॅमेऱ्याचे स्वतःचे चुकार ठिपके सापडतात आणि मग ते खऱ्या फोटोतून वजा करता येतात. दुसरं काम पहाटेचं. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टी-शर्ट ताणून बांधायचा आणि फटफटल्यावर त्या एकसारख्या पांढऱ्या उजेडाचे फोटो घ्यायचे. कॅमेऱ्याच्या आत बसलेल्या धुळीचे डाग त्यात अचूक पकडले जातात. रात्री दंव पडून भिंग धुरकट होऊ नये म्हणून त्याला बारीकशी ऊब देणारा पट्टाही गुंडाळतात.

एवढी मेहनत फक्त सुंदर चित्रासाठी? नाही. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जे मॅकनील यांनी घरामागच्या अंगणातून मृगाच्या बाणाजवळचा भाग टिपला. दुर्बीण फक्त तीन इंची! फोटोत एक छोटासा तेजोमेघ दिसला, जो नकाशांत कुठेच नव्हता. धुळीत दडलेला एक तरुण तारा अचानक उजळला होता आणि त्यानं भोवतालची धूळ उजळवली होती. मग मोठमोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. शोधाशोध केल्यावर १९६६ च्या एका जुन्या फोटोतही तो सापडला, तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. पुढे तो मावळला, २००८ मध्ये पुन्हा उजळला. त्याला आज 'मॅकनीलचा तेजोमेघ' म्हणतात.

तुमच्याकडे दुर्बीण नसली तरी चालेल. या थंडीत अमावास्येच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून जरा लांब, घरच्या मोठ्यांना घेऊन जा. मोबाइल तिपाईवर घट्ट बसवा, दहा सेकंदांचा फोटो लावा आणि हात लागून हलू नये म्हणून टायमर वापरा. बाणाखाली गुलाबीसर पुसट ठिपका उमटला की समजा, जमलं! असेच वीस-पंचवीस फोटो काढा आणि 'डीप स्काय स्टॅकर' नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून बघा. अडलं तर पुण्यात १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या आकाशप्रेमींच्या मंडळात जाऊन विचारा. आणि फोटो जमला की त्याखाली तारीख, वेळ आणि जागा लिहायला मात्र विसरू नका!