बरोबर उत्तराला ‘फॉल्स’ का येतं?

नारायण पेठेतून पुन्हा तुमच्या कानाशी. ऐकायला वेळ नसेल तर आजचा भाग इथे वाचा.

सोपा प्रश्न. (अ + ब)² आणि अ² + २अब + ब² सारखेच ना? शाळेतलं पोरगंही हो म्हणेल. पण पायथनमधल्या ‘सिम्पाय’ला == लावून विचारा, उत्तर येतं फॉल्स!

सिम्पायला गणित येत नाही असं नाही. तिथे == एवढंच बघतं, की दोन्ही राशींची मांडणी एकसारखी आहे का. एकीकडे वर्ग, दुसरीकडे तीन पदांची बेरीज, म्हणून फॉल्स. आधी ‘एक्स्पांड’ करा, मग विचारा, ट्रू येईल.

आता आपले भास्कराचार्य. बाराव्या शतकातल्या त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात करणींची, म्हणजे वर्गमुळांची, बेरीज आहे: √२ + √८ = √१८. इथे सिम्पाय लगेच ट्रू म्हणतं, कारण दोन्ही बाजू आपोआप ३√२ होतात. पण √२ + √३ आणि √(५ + २√६)? वर्ग करून बघा, सारखेच आहेत. तरी फॉल्स! मुळाच्या पोटातलं मूळ ते आपणहून सोडवत नाही.

मग दशांशात काढून ताडून बघू? तिथेही गंमत आहे. ई चा π√१६३ वा घात काढला, तर दशांश चिन्हानंतर सलग १२ वेळा ९ येतात. साध्या कॅल्क्युलेटरला ती पूर्ण संख्याच वाटते, पण ती नाहीये.

१९६८ मध्ये डॅनियल रिचर्डसन यांनी सिद्ध केलं, की साईन, घातांकी फलन, निरपेक्ष मूल्य वगैरे एकत्र आले की कुठल्याही दोन राशी सारख्या आहेत का, हे हमखास सांगणारी रीत असूच शकत नाही. म्हणून सिम्पायमधलं ‘इक्वल्स’ तीन उत्तरं देतं: ट्रू, फॉल्स आणि नन. नन म्हणजे ‘मला ठरवता आलं नाही’.

याने फरक काय पडतो? गणिताची उत्तरं तपासणारं ॲप नुसत्या == वर विसंबलं, तर बरोबर उत्तर वेगळ्या रूपात लिहिणाऱ्या मुलीचे मार्क जातात. एररही दिसत नाही. म्हणून असा कोड माझ्याकडे आला की मी सांगतो: वजाबाकी ‘सिम्प्लिफाय’ करा, शून्य आलं तर मार्क द्या. नाही आलं तर ‘इक्वल्स’ला विचारा. आणि नन आलं, तर ते उत्तर चूक धरू नका, सरांकडे तपासायला पाठवा.