मुलाला दुखणं सांगता येत नाही तेव्हा...

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. आमचा आठ वर्षांचा बाबू एकाएकी जेवेनासा झाला. भाकरी वाढली की ताट ढकलायचा, रात्री स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घ्यायचा. बाबू स्वमग्न आहे. त्याला मोजकेच शब्द येतात आणि ‘दुखतंय’ हा काही त्यात नाही. सासूबाई म्हणाल्या, “दृष्ट लागली पोराला.” मी म्हटलं, हट्ट आहे. एके दिवशी शाळेतून दमून आले होते, ताट उलटं झालं आणि मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. दुसऱ्या दिवशी गाल सुजला तेव्हा कळलं, दाढ किडली होती! तो धपाटा मला अजून सलतो.

पहिल्या दवाखान्यात डोळ्यांवर दिवा, मशीनची घरघर, औषधांचा वास. दोघांनी त्याला दाबून धरलं. त्याच्या किंकाळ्या ऐकवेनात. शेवटी मोठ्या रुग्णालयात भूल देऊन दाढ काढावी लागली. आणि ती होती सहाव्या वर्षी येणारी, कायमची दाढ! मी तिला दुधाचीच समजत होते.

त्यानंतर बाबू ब्रश पाहिला की पळायचा. तेव्हा रुग्णालयातल्या, फक्त लहान मुलांचे दात पाहणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला एक युक्ती शिकवली. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं. आम्ही घरीच दवाखाना मांडला. आरामखुर्ची, हातात बॅटरी आणि दहापर्यंत आकडे. दहा म्हटलं की थांबायचं म्हणजे थांबायचं, एकदाही फसवायचं नाही. मग दवाखान्यात पहिल्या खेपेला तो नुसता खुर्चीत बसला, दुसऱ्या खेपेला छोटा आरसा हातात घेतला, तिसऱ्या खेपेला बाईंनी त्याचे दात मोजले. वेळ नेहमी सकाळची पहिली, म्हणजे गर्दी नाही आणि ताटकळणंही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असं मूल असेल तर एवढं लक्षात ठेवा :

• जेवण टाकणं, एकाच बाजूने चावणं, गाल चोळणं, रात्री उठून रडणं, यापैकी काही दिसलं तर रागावण्याआधी तोंडात पाहा.

• मुलाला आरशासमोर उभं करून मागून ब्रश करा. हात नीट वळत नसेल तर मूल मोठं झालं तरी आपणच घासून द्यावं. ब्रश लहान व मऊ हवा.

• फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. चव झोंबत असेल तर बिनचवीची पेस्टही मिळते.

• गोड पातळ औषध रोज द्यावं लागत असेल तर नंतर पाणी पाजा. फिट्सवरच्या फेनिटॉइनने हिरड्या वाढू शकतात. पण औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

• डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात उशिरा येतात आणि हिरड्यांचे विकार त्यांना लवकर गाठतात. हृदयाला दोष असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगा.

• पहिली भेट वर्षाच्या आतच घ्या. काही दुखत नसताना गेलं, तर भीती बसण्याची शक्यता कमी होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे मुलांच्या दातांसाठी वेगळा विभाग असतो.

बाबूला आम्ही काही चित्रं करून दिली आहेत. पाणी हवं तर पेला, बाहेर जायचं तर चप्पल. त्यात आता एका दाताचं चित्रही आहे. परवा भर जेवणातून उठून त्याने ते आणलं आणि माझ्या हातात ठेवलं. माझ्या काळजात धस्स झालं. बॅटरी घेऊन पाहिलं, तर दातात पेरूची बी अडकली होती!

बी काढली. पण खरं सांगू, मला झालेला आनंद त्या बीचा नव्हता. या वेळी त्याने मला सांगितलं होतं.