देवडीवरचा पहारेकरी आणि एनव्हीएमई

‘या जुन्या सर्व्हरला एनव्हीएमई एसएसडी चालत नाही, सबब त्याची भंगारात रवानगी करावी,’ असा जो शेरा कित्येक संगणककक्षांतून मारला जातो, त्याच्या मुळाशी दोन भिन्न गोष्टींची गल्लत असते: एसएसडीवरून यंत्र सुरू करणे ही एक, आणि सुरू झालेल्या यंत्राने ती वापरणे ही दुसरी. डेलचा पॉवरएज आर७१० हा २००९ सालचा, तर एनव्हीएमईची पहिली आवृत्ती मार्च २०११ मधली; तेव्हा या सर्व्हरच्या बायोसमध्ये तिच्यावरून बूट होण्याची तजवीज असणार तरी कोठून? परंतु लिनक्स कर्नेलमध्ये २०१२ पासून, आणि विंडोज सर्व्हर २०१२ आर२ मध्येही तिचा ड्रायव्हर अंतर्भूत असल्यामुळे, देवडीवरच्या पहारेकऱ्याने अडवलेल्या पाहुण्यास आतील मंडळींनी नावानिशी हाक मारावी, तसा प्रकार घडतो. लिनक्सपुरता उपाय सोपा आहे: बूटलोडर व कर्नेल साध्या यूएसबी वा साटा ड्राइव्हवर ठेवावेत आणि बाकीचा संसार एनव्हीएमईवर थाटावा.

दुसरा आक्षेप वेगाचा. आर७१० चे स्लॉट पीसीआयई २.० चे, त्यांच्या चार लेनमधून सेकंदाला फार तर २ गिगाबाइट जातात, आणि नव्या ड्राइव्हची धाव त्याहून पुष्कळ अधिक असते, हे खरेच. परंतु तुलना करावयाची ती त्याच यंत्राच्या साटाशी, आणि त्या साटाची मर्यादा सुमारे ३०० मेगाबाइट. शिवाय साटाच्या एएचसीआय पद्धतीत एकाच कारकुनाच्या मेजावर फार तर ३२ अर्ज राहू शकतात. एनव्हीएमईने पासष्ट हजारांहून अधिक मेजे मांडण्याची, आणि प्रत्येकावर तितकेच अर्ज ठेवण्याची मुभा दिली आहे.

एम.२ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. त्या आकारात साटा ड्राइव्हही मिळतात, आणि स्वस्त एनव्हीएमई अ‍ॅडॅप्टरवर ते मुळीच दिसत नाहीत. चार ड्राइव्हच्या कार्डाची गोष्ट थोडी निराळी: बायोसला स्लॉटच्या लेनची विभागणी करता येत नसेल, तर साध्या कार्डावरील चारांपैकी एकच दिसतो, कार्डावर स्वतःचा पीसीआयई स्विच असेल तर चारही दिसतात, मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

सर्वांत घातक समजूत अशी की, यंत्रात रेड कार्ड आहे, म्हणजे नव्या ड्राइव्हचाही बंदोबस्त झाला. वस्तुतः एनव्हीएमई थेट पीसीआयईवर बसते. रेड कार्डाचा अंमल तिच्यावर चालत नाही, आणि त्याच्या बॅटरीने राखलेल्या कॅशचे संरक्षणही तिला लाभत नाही. प्रतिरूप हवे असेल तर लिनक्सच्या एमडी रेडकडे किंवा झेडएफएसकडे जावे लागते. त्यातही घरगुती वापराच्या ड्राइव्हमध्ये, वीज अकस्मात गेल्यास हातातले लेखन तडीस नेणारे कपॅसिटर सहसा नसतात, त्यामुळे डेटाबेससारख्या, प्रत्येक नोंद पक्की झाल्याचा दाखला मागणाऱ्या कामात ते एक तर मंदावतात, नाही तर खोटा दाखला देतात. म्हणून अशा कामास, वापरलेली असली तरी, सर्व्हरसाठी बनवलेली एसएसडीच मी पसंत करीन.

आणि सर्व्हरचे काम केवळ फाइली वाटण्याचे असेल, तर मूळच्या गिगाबिट जाळ्याच्या एका तारेतून सेकंदाला १२५ मेगाबाइटांहून अधिक काही बाहेर पडत नाही. तेथे आधी खर्च करावा तो जाळ्याच्या कार्डावर.