सोळा आणि सोळा-अ

प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्याखाली पगारातून कापलेल्या कराचा जो वार्षिक दाखला नोकरदाराला मिळत आला त्याचा क्रमांक १६, आणि पगाराखेरीज अन्य मोबदल्यातून कर कापला गेल्यास कापणाऱ्याने दर तिमाहीला द्यावयाच्या दाखल्याचा क्रमांक १६-अ. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या सलग नागरी पट्ट्यात काम करून पोट भरण्याची रीत कशी पालटली, हे या एका अक्षराच्या फरकावरून चांगले कळते. डोंबिवलीची ओळख नोकरदारांची वस्ती अशी झाली ती रेल्वे, मंत्रालय, बँका आणि विमा कंपन्या यांच्या पगारपत्रकांमुळे. ठाण्यात वागळे इस्टेटच्या आणि डोंबिवलीत एमआयडीसीच्या कारखान्यांनीही १९६२ नंतरच्या दशकांत पगारी माणूसच उभा केला. त्याच घरांतील पुढच्या पिढीत मात्र संगणकप्रणाली लिहिणारे, कारखान्यांसाठी आराखडे काढणारे, इमारतींची संरचना तपासणारे, लेखापरीक्षणाची बाहेरून मदत करणारे असे अनेक जण आहेत, ज्यांचा कोणी मालक नाही, ज्यांना कामाचे बिल द्यावे लागते आणि ज्यांच्या हाती १६ ऐवजी १६-अ येतो.

या माणसाला कायद्याने एकच एक नाव दिलेले नाही; येथून पुढे येणारी प्राप्तिकराची कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. कामाचे स्वरूप अंगमेहनतीचे, मजूर पुरवण्याचे किंवा बांधकामाचे असेल तर तो कलम १९४-क खालील कंत्राटदार ठरतो. काम ज्ञानाचे असेल तर कलम १९४-ज खालील व्यावसायिक. पहिले कलम १९७२ पासूनचे, दुसरे १९९५ पासूनचे. दोन्हींचा गाभा म्हणजे टीडीएस, आणि त्याचा अर्थ असा की मोबदला घेणाऱ्याकडून नंतर कर वसूल करण्याऐवजी तो देणाऱ्यानेच आधी कापून सरकारजमा करावा. कंत्राटदार एकटी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असल्यास १ टक्का आणि अन्य असल्यास २ टक्के हे दर १ ऑक्टोबर २००९ पासूनचे आहेत. व्यावसायिकाचा दर आरंभी ५ टक्के होता, तो १ जून २००७ पासून १० टक्के झाला. २०२० मध्ये निव्वळ तांत्रिक सेवेचा दर २ टक्क्यांवर आणला गेला, व्यावसायिक सेवेचा १० टक्क्यांवरच राहिला, आणि तेव्हापासून एक जुना वाद नव्या रूपाने सुरू झाला: यंत्राच्या देखभालीचा सल्ला देणारा अभियंता तांत्रिक सेवा देतो की व्यावसायिक?

या वादाचा निकाल व्यवहारात न्यायालयात लागत नाही, तो काम देणाऱ्या कंपनीच्या लेखाविभागात लागतो आणि जवळजवळ नेहमी एकाच बाजूला लागतो. कमी कर कापला गेल्यास कंपनी कसूरदार ठरते, तिला व्याज भरावे लागते आणि त्या खर्चाच्या ३० टक्के रकमेची वजावटही नाकारली जाऊ शकते; जास्त कापला गेल्यास कंपनीचे काहीच जात नाही, कारण जादा कापलेला पैसा तिचा नसून काम करणाऱ्याचा असतो. शंका आली की १० टक्के कापावेत, हा शहाणपणा लेखापालाच्या दृष्टीने बिनतोड आहे. स्वतंत्र काम करणाऱ्यांवर करनियमांचा जो खरा परिणाम होतो त्याचे मूळ या विषमतेत आहे: नियम काम देणाऱ्याला उद्देशून लिहिलेला असतो, चुकीची शिक्षा त्याला असते, म्हणून तो आपली जोखीम खाली ढकलतो, आणि ती शेवटी ज्याच्या खात्यात सर्वांत कमी शिल्लक असते त्याच्यापाशी येऊन थांबते.

हे आकड्यांत मांडले तर अधिक स्पष्ट होते. डोंबिवलीत घरी बसून ठाण्यातील एका कंपनीसाठी दरमहा २,००,००० रुपयांचे संगणकीय काम करणारा सल्लागार धरला, तर त्याची वर्षाची जमा २४,००,००० रुपये होते. सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा ओलांडल्याने त्याला जीएसटी नोंदणी घ्यावी लागते आणि बिलावर १८ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, लावावे लागतात. कंपनी मूळ रकमेवर १० टक्के, म्हणजे २०,००० रुपये, कापते. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर त्या भागावर कपात करायची नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. त्याच्या खात्यात २,१६,००० रुपये येतात आणि त्यांतले ३६,००० सरकारचे असतात. कलम ४४-एडीए या तरतुदीने, जी २०१६ च्या वित्त अधिनियमाने आली, ठरावीक व्यवसायांतील माणसाला हिशेबाच्या वह्या न ठेवता जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. यालाच अनुमानित उत्पन्नाची पद्धत म्हणतात. मर्यादा मुळात ५० लाखांची, आणि रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर आता ७५ लाखांची. माहिती तंत्रज्ञान हा व्यवसाय त्या यादीत आहे, म्हणून या सल्लागाराचे करपात्र उत्पन्न १२,००,००० रुपये ठरते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ६०,००० रुपयांची पूर्ण सूट दिल्यामुळे त्याचा देय कर शून्य होतो.

देय कर शून्य असताना वर्षभरात कापले गेले ते २,४०,००० रुपये. हेच १२ लाख पगाराचे असते तर मालकाने कलम १९२ प्रमाणे वर्षाचा अंदाज बांधून, सूट आधीच हिशेबात धरून, एक रुपयाही कापला नसता. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्याची करमुक्त मर्यादा प्रत्यक्षात १२,७५,००० वर जाते. व्यावसायिकाच्या बाबतीत कापणारा फक्त बिल पाहतो, माणसाची परिस्थिती पाहत नाही आणि कायद्याने त्याला ती पाहण्याची मुभाही नाही. परतावा विवरणपत्र भरल्यावर मिळतो आणि त्यावर महिना अर्धा टक्का व्याजही मिळते, पण ते पुढील वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजले जाते. मे महिन्यात कापलेल्या पैशावर त्या मे ते मार्चचे व्याज कोणीच देत नाही. कमी दराने कपात व्हावी म्हणून कलम १९७ खाली प्राप्तिकर अधिकाऱ्याकडून दाखला मिळवता येतो, आणि हा मार्ग चांगला आहे. पण त्यासाठी अर्ज, मागील वर्षांची विवरणपत्रे आणि पुढील जमेचा अंदाज लागतो, आणि ज्याला पुढच्या महिन्याच्या कामाचीच खात्री नाही त्याला तो अंदाज कसा मांडावा हा प्रश्न पडतो.

त्याच बिलातील जीएसटीची गोष्ट याहून कडक आहे, कारण तो कर पैसे हाती आल्यावर नव्हे तर बिल दिल्याबरोबर देय होतो. कंपनीने ९० दिवसांनी पेमेंट केले तर तीन बिलांचे १,०८,००० रुपये सल्लागाराला पदरचे घालून भरावे लागतात. आधीच्या टप्प्यावर भरलेला कर आपल्या करातून वळता करण्याची जी सवलत कंपनीला असते, ती १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवून ते कंपनीच्या जीएसटीआर-२बी या विवरणात उमटल्यावरच घेता येते. परिणामी काही कंपन्या बिल तेथे दिसेपर्यंत जीएसटीची रक्कम रोखून धरतात. छोट्या करदात्यांना तीन महिन्यांतून एकदा विवरणपत्र भरण्याची सोय २०२१ च्या आरंभापासून आहे, परंतु ती वापरणाऱ्याचे बिल तिमाही संपल्यावर दिसते. म्हणून ग्राहकच आग्रह धरतो की बिलांची माहिती दरमहा वेगळी भरावी. सवलत सरकारने दिली, ती ग्राहकाच्या गरजेपुढे टिकली नाही.

नोकरी आणि स्वतंत्र काम यांतील रेषा कोणी आखायची, हा प्रश्न महाराष्ट्रात रुग्णालयांच्या निमित्ताने न्यायालयात गेला. पुण्यातील रुबी हॉल क्लिनिक चालवणारे ग्रँट मेडिकल फाउंडेशन आपल्या सल्लागार डॉक्टरांचा मोबदला व्यावसायिक शुल्क मानून कर कापत होते. त्यांतील काहींना निश्चित रकमेची हमी असल्याने ते नोकरच आहेत आणि पगाराच्या नियमाने कपात व्हायला हवी होती, असे प्राप्तिकर विभागाचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते मान्य केले नाही. करारातील एखादी अट सुटी उचलून नव्हे, तर सर्व अटी एकत्र वाचून नाते ठरवावे लागते, ही त्या निकालामागची दृष्टी आहे, आणि ती ठाण्यातील माहिती तंत्रज्ञानाच्या सल्लागारालाही तितकीच लागू पडते. अडचण दुसरीकडे आहे. नोकराऐवजी सल्लागार ठेवल्यास कंपनीला भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, उपदान आणि बोनस यांतून मोकळीक मिळते. त्यामुळे तेच टेबल, तीच वेळ आणि तोच वरिष्ठ ठेवून केवळ करारपत्र बदलले जाते, आणि दाखला १६ चा १६-अ होतो. ब्रिटनने २००० मध्ये आयआर-३५ नावाच्या नियमांनी अशा वेषांतरित नोकरीवर बंधन आणले. आरंभी स्वतःचा दर्जा स्वतः ठरवण्याची जबाबदारी काम करणाऱ्याच्या कंपनीवर होती, ती सार्वजनिक क्षेत्रात एप्रिल २०१७ पासून आणि मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांबाबत एप्रिल २०२१ पासून ग्राहकावर गेली. चुकीची शिक्षा आपल्याला होणार हे दिसताच अनेक मोठ्या बँकांनी स्वतःच्या छोट्या कंपनीमार्फत काम करणाऱ्यांना घेणेच बंद केले. देश वेगळा, कायदा वेगळा, पण जोखीम खाली ढकलण्याची वाट तीच.

ठाणे-डोंबिवलीच्या संदर्भात ग्राहक म्हटले की कंपनीच डोळ्यांसमोर आणणे मात्र अपुरे आहे. येथील सर्वांत विखुरलेला आणि सर्वांत बेसावध ग्राहक म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्था. कलम १९४-क मध्ये सहकारी संस्थेचे नाव स्वतंत्रपणे असल्याने चाळीस सदनिकांच्या सोसायटीलाही, तिची उलाढाल कितीही लहान असो, एका वेळी ३०,००० किंवा वर्षात १,००,००० रुपयांवर मोबदला गेला की रंगकाम, वॉटरप्रूफिंग, लिफ्टची देखभाल, साफसफाई आणि वॉचमनची एजन्सी यांच्या बिलांतून कर कापावा लागतो. हे काम करतो तो खजिनदार, जो बहुधा निवृत्त असतो, विनामोबदला काम करतो आणि ज्याने आयुष्यभर फॉर्म १६ घेतलेला असतो, दिलेला नसतो. त्याला सोसायटीचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, काढावा लागतो, कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरावा लागतो, दर तिमाहीला विवरण द्यावे लागते आणि ते चुकल्यास दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क, फक्त कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत, चढत जाते.

इमारतीला रंग देणाऱ्या कंत्राटदाराचे ६,००,००० रुपयांचे बिल असेल तर १ टक्क्याने ६,००० रुपये कापले जातात. पण त्याचा पॅन नसेल, किंवा आधारशी जोडला न गेल्याने १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झालेला असेल, तर दर २० टक्के होतो आणि कपात १,२०,००० रुपयांची ठरते. परांची बांधणारे, रंगारी आणि हेल्पर यांची रोजची मजुरी भागवून या कामात जे उरते त्यापेक्षा ही रक्कम मोठी असू शकते. खजिनदार नियमाने चालला तर कंत्राटदार काम सोडून जातो, नियम डावलला तर उरलेला कर सोसायटीच्या माथी येतो, आणि पॅनमधील एक अक्षर चुकले तर भरलेला पैसा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर दिसतो. कर कापला गेल्यावर तो सरकारजमा झाला नाही म्हणून काम करणाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. मात्र कर कापला गेला होता हे सिद्ध करायला बिल आणि बँकेची नोंद जपून ठेवावी लागते, आणि रंगकामाच्या कंत्राटदाराची बिले पुष्कळदा व्हॉट्सॲपवरच्या एका छायाचित्रापुरती असतात.

नोकरी सोडून स्वतंत्र झालेल्याला हमखास विसरायला होणारा एक जुना कर येथे नोंदवला पाहिजे. महाराष्ट्राचा व्यवसाय कर १९७५ च्या अधिनियमाचा. त्याच्या उत्पन्नातून रोजगार हमी योजनेचा खर्च भागवायचा, ही त्यामागची कल्पना होती, आणि डोंबिवलीच्या कारकुनाच्या पगारातून दुष्काळी तालुक्यातील नालाबंडिंगला पैसा गेला ही या राज्याच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. नोकरदाराचा हा कर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा मालक कापतो. स्वतंत्र व्यावसायिकाने स्वतः नावनोंदणी करून वर्षाचे २,५०० रुपये भरायचे असतात. रक्कम लहान, पण वर्षानुवर्षे राहिली की व्याज आणि दंड मुद्दलाला मागे टाकतात.

काम करणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेलेला एक नियम अलीकडे आला, तो कलम ४३-ब मधील ‘ह’ हा खंड. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणलेल्या या तरतुदीनुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, फेडले नाही आणि ते वर्षअखेरीस थकलेलेच राहिले, तर तो खर्च ग्राहकाला त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. २५ टक्क्यांच्या आसपास कर भरणाऱ्या कंपनीने २,००,००० रुपयांचे बिल असे अडकवले तर तिला सुमारे ५०,००० रुपयांचा कर एक वर्ष आधी भरावा लागतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमात विलंबासाठी बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आधीपासून होतेच, परंतु ते मागायला जाणारा पुढचे काम गमावतो. करवजावट अडली की मात्र कोणी न मागताही लेखाविभाग जागा होतो. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतील सुटे भाग बनवणाऱ्या व सल्ला देणाऱ्या छोट्या व्यवसायांना हा नियम म्हणूनच मोलाचा आहे. त्याची कमकुवत बाजू एवढीच की तो नोंदणीवर उभा आहे: मध्यम उद्योग त्याबाहेर, निव्वळ व्यापारी त्याबाहेर आणि नोंदणी न केलेला पुरवठादारही त्याबाहेर, त्यामुळे नोंदणी नसलेल्याकडून काम घेण्याचा मोह ग्राहकाला होतो, आणि जो नियम संरक्षणासाठी आहे त्याचेच प्रमाणपत्र लपवून ठेवावे असे छोट्या माणसाला वाटू लागते. नोंदणी सार्वत्रिक करणे हाच त्यावरचा उपाय दिसतो.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा ५३६ कलमांचा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ घेतो. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ ही दोन वर्षांची गुंतागुंत जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द येतो, पगारावरील कपात कलम ३९२ मध्ये जाते, आणि कंत्राटदार, व्यावसायिक, दलाल, घरमालक अशा सर्वांवरील विखुरलेल्या कपाती कलम ३९३ मधील तक्त्यांत एकत्र येतात. सोसायटीच्या खजिनदाराला कोणत्या रकमेवर किती टक्के कापायचे हे त्या तक्त्याच्या एका ओळीत सापडेल, आणि हे सुलभीकरण स्वागतार्ह आहे. दर मात्र तेच आहेत, कापणाऱ्याने फक्त बिल पाहावे हेही तेच आहे, आणि शून्य कर देय असलेल्या सल्लागाराचे २,४०,००० रुपये पूर्वीप्रमाणेच विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहिल्यावर त्याच्या खात्यात परत येतात.